जखम भरल्यानंतरचा व्यायाम: नाशिकच्या प्रकल्पाच्या नोंदी

८ मार्च २०२५

गंगापूर रोडजवळच्या ट्रस्टच्या हॉलची चावी हातात आली. सकाळी साडेसहा ते आठ हॉल आपला, साडेआठला तिथे शिवणवर्ग भरतो. तीन पंख्यांपैकी एक फिरतो. मोठा आरसा शिवणवर्गाचा आहे, तोच वापरायचा. मोजायची टेप मात्र माझी मी नेणार. शिवणाची कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते आणि सुजेच्या मोजमापात अर्धा सेंटिमीटरही महाग पडतो.

काम काय आहे ते इथेच लिहून ठेवते, ट्रस्टला दर महिन्याला नव्याने सांगायला नको. त्वचेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, जखम भरते, ‘तीन महिन्यांनी दाखवायला या’ म्हणतात आणि माणूस घरी जातो. घरी गेल्यावर हात वर जात नाही, गुडघा सरळ होत नाही, संध्याकाळी पाय जड होतो. अशा चौघांना घरच्या घरी जमेल असा व्यायाम बसवून द्यायचा, मधूनमधून मोजमाप घ्यायचं आणि ऑक्टोबरपर्यंत पुढच्या लोकांसाठी फोटोंची कार्डं तयार करायची. नावं लिहायची नाहीत. हॉलमध्ये हाक मारतो तीच इथे: आबा, मावशी, दादा, सर.

आबा दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार, पासष्टीचे. डाव्या कानाच्या वरच्या कडेला खपली धरायची, निघायची, रक्त यायचं, पुन्हा धरायची. दोन हंगाम त्यांनी तसेच काढले. निघाला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, कातडीच्या वरच्या थरातला कॅन्सर. कानाचा वरचा भाग गेला, लसिका (शरीरात झिरपणारा पाण्यासारखा द्रव) गाळणाऱ्या मानेतल्या गाठी काढल्या, वर शेक (रेडिएशन) झाले.

मावशी पंचवटीतल्या. टाचेवर काळा डाग, काटा मोडला असेल म्हणून बरेच दिवस कोरत बसल्या. मेलानोमा, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत मेलानोमा मुळात कमी, पण होतो तेव्हा तळपाय, तळहात, नखाखाली अशा ऊन न लागणाऱ्या जागी बऱ्याचदा सापडतो. त्यांच्या तळपायाच्या खळग्यातली कातडी फिरवून टाचेवर बसवली, खळग्यावर मांडीची लावली आणि जांघेतल्या गाठी काढल्या.

दादा अंबड एमआयडीसीत प्रेसवर असतात. लहानपणी चुलीवरचं उकळतं पाणी गुडघ्यामागे सांडलं होतं. त्या वणात चाळिशीत जखम झाली आणि भरेचना. जुन्या भाजल्याच्या वणात उठणाऱ्या या कॅन्सरला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. भाजल्यापासून तो उठेपर्यंत साधारण तीस वर्षं जातात, म्हणून दोन्हींचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही.

सर निवृत्त शिक्षक. पाठीवर मेलानोमा, काखेतल्या गाठी काढलेल्या, इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागवणारी औषधं) अजून चालू.

चौघांच्या फाइलवर रोग त्वचेचाच. व्यायाम ठरवताना मला त्या नावाचा फारसा उपयोग नाही. कुठून कापलं, कातडी कुठली आणून लावली, गाठी कुठल्या काढल्या, कुठली नस दुखावली, हे कळलं की निम्मं काम झालं.

१२ मार्च

मोजमापं. ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, सहा मिनिटांत किती मीटर चालणं होतं. हॉलबाहेरचा व्हरांडा वीस मीटरचा निघाला, दोन्ही टोकांना कुंड्या ठेवल्या. सरांनी प्रत्येक फेरीला कुंडीला हात लावून मोठ्याने आकडा म्हटला.

मावशींचे पाय मोजायला बराच वेळ गेला. जांघेतल्या गाठी काढल्या की लसिका साचून पाय सुजतो. घोट्यापासून वर दर चार सेंटिमीटरवर बॉलपेनने खूण, प्रत्येक खुणेवर टेप, दोन्ही पाय. टेप टेकवायची, आवळायची नाही. पोटरीत दोन्ही पायांत तीन सेंटिमीटरचा फरक. नडगीवर अंगठा दाबून धरला तर खळगा पडतो आणि सावकाश भरतो. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत धरून पाहिली, उचलली जात नाही. चांगल्या पायाची सहज उचलली जाते. मावशींना दोन्ही पायांवर हे करून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, मी आपली म्हणत होते वय झालं.”

आबांचा डावा हात बाजूने जेमतेम ७० अंश. खांदा खाली उतरलेला, पाठीमागून पाहिलं तर फऱ्याचं हाड बाहेर डोकावतं. दादांचा गुडघा सरळ व्हायला २० अंश कमी.

१७ मार्च

चारही सर्जनना पत्रं दिली. विचारलं एवढंच: कातडी पूर्ण धरली आहे का, पूर्ण वजन टाकायला परवानगी आहे का, कुठली हालचाल टाळायची, कुठली नस कापली किंवा ताणली गेली. तीन उत्तरं नेमकी आली. चौथ्या कागदावर एकच ओळ, ‘आराम करावा’.

आराम किती दिवस, हे कुणी लिहीत नाही आणि घरचे तो शब्द प्रसादासारखा सांभाळतात. नवी लावलेली कातडी पहिले पाच-सात दिवस हलू द्यायची नाही हे खरं. खालून रक्तवाहिन्या जोडल्या जायच्या असतात, त्या जागी घासलं की कातडी सुटते. पण आपल्याकडे ते पाच-सात दिवस पाच-सात महिने चालतात. कॅन्सरनंतरच्या व्यायामाची जी मार्गदर्शक सूत्रं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने २०१९ साली प्रसिद्ध झाली, त्यांत आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम दमाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम असं सांगितलं आहे. एवढ्याने थकवा, उदासी, रोजच्या हालचाली यांत फरक पडतो असं त्यांचं म्हणणं. त्या सूत्रांचा भर स्तन, मोठं आतडं अशा कॅन्सरांच्या अभ्यासांवर आहे, टाचेवरच्या कातडीचं काय करायचं ते त्यांत नाही. ते आपल्याला बघायचंय.

चौथ्या सर्जनना फोन केला. बोलल्यावर त्यांनी लगेच हो म्हटलं.

२४ मार्च

‘मध्यम दम’ म्हणजे किती? पुस्तकातला शून्य ते दहाचा मापदंड सांगितला तर सर सोडून कुणालाच पटेना. आबांनी तोड काढली. म्हणाले, “पैसेवारी लावा ना. आज किती दमलो, शंभरात किती पैसे.” दुष्काळाच्या यादीत गाव बसतं की नाही हे ज्या पैसेवारीवर ठरतं तीच. पन्नास पैशांच्या आसपास काम करायचं, साठाच्या वर गेलं की थांबायचं, तिसाच्या खाली असेल तर अजून थोडं. मावशींना मात्र अभंग बरा पडतो. चालताना अख्खा अभंग चालीवर म्हणता आला तर वेग वाढवायचा, बोलणंही तुटायला लागलं तर कमी करायचा.

सामान: रेतीच्या पिशव्या अर्धा आणि एक किलोच्या, शिवणवर्गातल्या मुलींनी शिवून दिल्या. थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) महाग पडतो म्हणून सायकलची जुनी ट्यूब कापून घेतली. शस्त्रक्रियेत आणून लावलेल्या कातडीवर रबर थेट लावायचं नाही, खाली सुती कापड. त्या कातडीला स्पर्शाची जाण कमी असते, फोड आला तरी माणसाला कळत नाही.

२ एप्रिल

आबा आले नाहीत. द्राक्षाची खरड छाटणी (एप्रिलमधली, वेल पार खरडून काढणारी) चालू आहे, हे मला आधीच लक्षात घ्यायला हवं असं त्यांच्या सुनेने फोनवर सुनावलं. पण छाटणीनंतर मांडवावर पान उरत नाही आणि एप्रिलचं ऊन सरळ मानेवर येतं. तीच मान, जिला शेक दिलेत.

संध्याकाळी बागेत जाऊन आले. आबांच्या डोक्यावर गांधी टोपी, कडक इस्त्रीची. टाळू झाकते, कान उघडे. इकडे शेतात राबणाऱ्या किती पुरुषांचे कान आणि मानेचा मागचा भाग असे वर्षानुवर्षं उन्हात भाजतात! रुंद काठाची हॅट त्यांना पसंत पडेना (“मी काय पर्यटक आहे?”). शेवटी टोपीवरून उपरणं, दोन्ही कान झाकून हनुवटीखाली गाठ, आणि चेहऱ्याला सनस्क्रीन. सनस्क्रीन सून लावून देईल, कारण डाव्या हाताने त्यांना ते कानामागे लावताच येत नाही.

वेळेसाठी एक साधी खूण सर्वांना दिली. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की उन्हातलं काम आणि चालणं थांबवायचं. नाशिक भारतीय वेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला, म्हणून इथे सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या सुमारास. दहा वाजताचं ऊन कोवळं समजून लोक फिरतात, एप्रिलात ते कोवळं नसतं. आपला वर्ग आठला संपतो ते उत्तम.

१५ एप्रिल

आबांचा खांदा. यावर सविस्तर लिहिते, कार्ड करताना लागेल.

मानेतल्या गाठी काढताना एक नस वाटेत येते, स्पायनल ॲक्सेसरी. खांद्याला वर धरून ठेवणारा ट्रॅपेझियस स्नायू हिच्यावर चालतो. सर्जनच्या कागदावर ‘नस राखली’ असं आहे. राखली तरी ओढताण झालेली असते आणि ती पूर्ववत व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. तोवर हाताचं सगळं वजन खाली लोंबतं आणि सांधा आखडतो. त्यामुळे आबांना दोन कामं एकदम करायची आहेत: सांधा आखडू द्यायचा नाही आणि नस जागी होईपर्यंत त्या स्नायूवर नको तेवढं ओझं टाकायचं नाही.

उभं राहून हात वर करायला सांगितलं की ते कमरेतून उजवीकडे झुकतात आणि ‘झाला की वर’ म्हणतात. आरशासमोर उभं केलं तेव्हा स्वतःच हसले. म्हणून सुरुवात झोपून. पाठीवर झोपायचं, दोन्ही हातांत लाटणं धरायचं, उजव्या हाताने डाव्याला नेत डोक्यामागे. झोपल्यावर हाताचं वजन स्नायूला पेलावं लागत नाही. मग कुशीवर झोपून फरा मागे आणि खाली खेचायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा. मग भिंतीशी उभं राहून हाताखाली नॅपकिन ठेवून सरकवत वर. हे तिन्ही पन्नास पैशांत बसू लागले की ट्यूब ओढणं सुरू. मान दोन्ही बाजूंना वळवणं रोज, अगदी रोज, कारण शेक दिलेली कातडी आणि खालचे स्नायू शेक संपल्यावरही महिनोन् महिने आवळत जातात.

नुसतं ताणण्यावर थांबायचं नाही, हळूहळू वजन वाढवायचं, याला आधार आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या मंडळींनी २००८ साली डोकं-मानेच्या कॅन्सरनंतर खांदा दुखणाऱ्या लोकांवर हेच तपासलं होतं. वजन वाढवत नेलेल्या गटाचं दुखणं जास्त कमी झालं.

क्रेट उचलायचं नाही. हे सांगितल्यावर आबांचा चेहरा पडला. चालताना डावा हात सदऱ्याच्या खिशात ठेवायला सांगितलंय, तेवढाच खांद्याला आधार.

३ मे

दादा. गुडघ्यामागची लावलेली कातडी आखडते, तिचा स्वभावच तो, आणि ते आठ तास किंचित वाकलेल्या गुडघ्यावर उभे राहतात. रात्री झोपताना गुडघा सरळ ठेवणारी प्लास्टिकची खोबण बांधायची. दिवसा: पालथं झोपून पाय पलंगाच्या कडेबाहेर सोडायचा, घोट्यावर अर्धा किलोची पिशवी, दहा मिनिटं. त्याआधी खोबरेल. मांडीवरून पातळ कातडी काढून लावलेल्या जागेला स्वतःचं तेल नसतं, घामही येत नाही, ती कोरडी पडून चिरते. बोटाने गोल गोल, कातडी पांढुरकी होईल इतक्या दाबाने. रोज तेल लावताना बोट फिरतं, म्हणजे नवी गाठ किंवा जखम असेल तर तीही हाताला लागते. याच वणाने एकदा दगा दिला आहे.

दादांचं ध्येय वेगळंच. जुन्या मोटरसायकलला किक मारायची. सेल्फ स्टार्टची घ्या म्हटलं तर म्हणाले, “मॅडम, हप्ते तुम्ही भरणार का?” मग किक हाच व्यायाम. लाकडी पेटीवर चढणं-उतरणं, पेटीची उंची वाढवत.

१४ मे

सर पुन्हा मागे. मार्चमध्ये ३० सेकंदांत १२ वेळा उठत होते, आज ८. दुपारी झोपतात तरी दमलेले, थंडी वाजते म्हणतात, नाशिकच्या मे महिन्यात! मुलगा म्हणतो वडील आळशी झाले, व्यायाम वाढवा. वाढवला नाही. इम्युनोथेरपीत शरीराची प्रतिकारशक्ती कधी थायरॉइडवर उलटते, कधी ॲड्रिनलवर, कधी सांध्यांवर. कॅन्सरच्या डॉक्टरांना आजचे आकडे लिहून चिठ्ठी दिली आणि रक्ततपासणीची विनंती केली.

काखेतून कोपरापर्यंत ताणलेल्या सुतळीसारखी दोरी मात्र आता सैल झाली आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर अशी दोरी काहींना उठते, हात ताणला की कातडीखाली स्पष्ट दिसते. पाहून घाबरायला होतं. हळूहळू ताणत राहिलं की जाते.

२१ मे

सरांचं थायरॉइड खूप कमी आलं. गोळी सुरू. तोवर व्हरांड्यात सावकाश चालणं, बाकी काही नाही. मुलाने फोन करून काही न बोलता “बरं” म्हटलं.

२९ मे

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठलं. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरचं चालणं बंद, सगळं व्हरांड्यात. मावशींना बजावलं: बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. चिखल्या झाल्या तर आपण त्यांना पावसाळ्याचं नेहमीचं मानतो, पण गाठी काढलेल्या पायात त्या चिरेतून जंतू आत गेले की अख्खा पाय लाल होऊ शकतो. आणि रामकुंडात पाय बुडवायचा नाही. “गंगेचं पाणी गं,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वाक्य पुरं केलं नाही. शेवटी तांब्यात घेऊन डोक्याला लावायचं, पायाला नाही, यावर तडजोड.

११ जून

मावशींचा फोन सकाळी सहाला. रात्री हुडहुडी भरून ताप, पोटरी लाल, गरम, हात लावू देईना. वर्गात येऊ नका, तडक डॉक्टरकडे जा, स्टॉकिंग (सूज दाबून धरणारा घट्ट लांब मोजा) काढा, पाय उशीवर. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचा जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक सुरू. चिखल्या नव्हत्या. टाचेच्या कडेला तांदळाएवढी चीर होती, मळ्याच्या वाटेवरून देवळात अनवाणी गेल्या होत्या.

कार्डावर पहिल्याच पानावर जायला हवं: ताप, लाली, अचानक वाढलेली सूज, नवी गाठ, कातडीवर नवी जखम. यातलं काहीही दिसलं की त्या दिवशी व्यायाम नाही, दवाखाना.

२३ जून

मावशी परतल्या. निम्म्यावरून सुरुवात.

पादत्राणाचा प्रश्न आता सोडवलाच. एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल, तीच जी मधुमेह आणि कुष्ठरोगातल्या बधिर पायांसाठी देतात. मऊ काळं रबर, मागे पट्टा, अंगठा नाही. टाचेखालचा भाग कारागिराकडून थोडा खोल करून घेतला. घरातही हीच घालायची. स्वयंपाकघरात चप्पल या गोष्टीवर मावशींचे डोळे भरून आले, तेव्हा त्यांच्या सुनेने सांगितलं की घरात वापरायची वेगळी घेऊ, ती उंबऱ्याबाहेर जाणार नाही. प्रश्न मिटला. मला हे सुचलं नसतं.

व्यायामाचा क्रम कार्डासाठी: आधी पोटाने खोल श्वास, मग जांघ आणि मांडी, मग गुडघा, शेवटी घोटा. वरची वाट मोकळी झाल्याशिवाय खालचं पाणी कुठे जाणार? स्टॉकिंग घालूनच व्यायाम, स्नायू आकसतो तेव्हा बाहेरून अडवणारं काही असलं तरच लसिका वर ढकलली जाते. स्टॉकिंग सकाळी पलंगावरून उतरण्याआधी चढवायचं, भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून, म्हणजे पकड बसते आणि नखांनी फाटत नाही. नंतर भिंतीला पाय लावून पंधरा मिनिटं आडवं.

‘सुजलेल्या पायाला वजन नको’ हे अजून सगळे सांगतात. २००९ साली स्तनाच्या कॅन्सरनंतर हात सुजलेल्या १४१ बायकांचा एक अभ्यास अमेरिकेत झाला होता. सावकाश वाढवत वजनं उचलली तर सूज वाढली नाही, उलट अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. तो हात होता, हा पाय आहे, आणि पायाला दिवसभर गुरुत्वाकर्षण आहे. म्हणून वजन वाढवायच्या दिवशी आधी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेप. एक सेंटिमीटर वाढ दिसली तर एक पायरी मागे.

१९ जुलै

सरांनी सभेत असतात तसा प्रश्न विचारला: गाठी काढल्या नसत्या तर? योग्य प्रश्न. २०१७ साली मेलानोमावरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. पहिल्या पहारेकरी गाठीत (डागाकडून येणारी लसिका जिथे सर्वांत आधी पोचते ती) कॅन्सर सापडलेल्यांपैकी निम्म्यांच्या उरलेल्या गाठी काढल्या, निम्म्यांच्या सोनोग्राफीने नजरेखाली ठेवल्या. मेलानोमाने होणाऱ्या मृत्यूंत फरक पडला नाही. सूज मात्र पहिल्या गटात २४.१ टक्के लोकांना, दुसऱ्यात ६.३ टक्के. तेव्हापासून सरसकट गाठी काढणं कमी झालं. मावशींच्या गाठी आधीच हाताला लागत होत्या, त्यांच्यापुढे तो पर्याय नव्हता, हेही त्यांच्यासमोरच सांगितलं. नाहीतर घरी जाऊन कुढत बसल्या असत्या.

सर खुर्चीतून ११ वेळा.

९ ऑगस्ट

दादा कामावर रुजू. गुडघा ६ अंशांवर आलाय. सुपरवायझरने उंच स्टूल द्यायचं कबूल केलं होतं, स्टूल आलं नाही. दादांनी घरून आणलं. किक बसते.

३० ऑगस्ट

गणपतीत मावशींना मांडी घालून आरतीला बसायचं होतं. मांडीत जांघ दुमडते आणि स्टॉकिंगची वरची कड तिथेच रुतते. पाटावर उशी, पाय समोर, वीस मिनिटांत उठून दोन फेऱ्या. नातवाने फेऱ्यांची जबाबदारी घेतली. सूज वाढली नाही, पोटरीतला फरक आता दीड सेंटिमीटर.

५ ऑक्टोबर

पाऊस लांबला म्हणून आबांची गोडी छाटणी (फळासाठीची, ऑक्टोबरातली) पुढे गेली होती, आज सुरू झाली. साडेसहाला बागेत पोचले. हात बाजूने १३५ अंशांपर्यंत जातो, पण मांडवाची तार डोक्याच्या वर आहे आणि छाटणीला मान मागे टाकून वर बघत राहावं लागतं. म्हणून फळी ठेवली, वीतभर उंचीची. तिच्यावर उभं राहिलं की कात्री तोंडासमोर येते. उजव्या हातात कात्री, डाव्याने काडी धरायची, तीन वेली झाल्या की हात खाली, फरे मागे खेचून पाच श्वास. पहिल्या ओळीला मी पैसेवारी विचारली. “पंचेचाळीस.” दुसऱ्या ओळीला: “पंचावन्न, पण थांबवू नका.” तिसऱ्या ओळीच्या मध्यावर सुनेने जमिनीवरची सावली दाखवली. आबा कुरकुरत उतरले. उरलेली ओळ मुलाने घेतली आणि काड्या चुकीच्या डोळ्यावर कापतोय म्हणून आबांनी सावलीत बसून त्याला झोडपला.

१४ ऑक्टोबर

कार्डांचा कच्चा नमुना छापखान्यातून आला. बदल: खांद्याच्या कार्डावरचा फोटो बदलायचा, त्यात आबा कमरेतून झुकलेले दिसतात. चपलेच्या कार्डावर घरातली आणि बाहेरची अशा दोन चपला दाखवायच्या. धोक्याच्या खुणांचं पान लाल शाईत नको, झेरॉक्समध्ये ते काळं येतं. अक्षर मोठं करायचं.

नोव्हेंबरपासून नवे तिघे, एक सिन्नरहून येणार आहेत. त्यांच्या सर्जनना पत्रं गेली आहेत, एकाचं उत्तर यायचंय. दुसरा पंखा दुरुस्त झाला.